तुमच्या ताईच्या इंग्रजीबद्दल, गुप्त

अमरावती मुक्कामी जितेंद्ररावांस देवरावाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि सोनिकाबाईंचा बीपी दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. तुमच्या ताईची खात्री देता येत नाही. (फोन केला असता, पण माझा फोन आधी ती पाहते.)

प्रेमलता इंग्रजी शिकते आहे. (तुम्हाला ठाऊक असणारच. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला भाऊ असताना बहीण दुसऱ्या कुणाला कशाला विचारेल? तुमच्यावरही माझी नजर आहे.) सकाळी पोळ्या लाटताना गो-वेंट-गॉन सुरू होतं. विचारलं तर म्हणाली, काही क्रियापदं नियमाने चालतात, काहींचं रूप पार पालटतं, आणि पुट, कट अशी काही कधीच बदलत नाहीत. हे शेवटचं सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं. बरं, शिकते तो फक्त भूतकाळ! बाजारात बोलायला, डॉक्टरांना दुखणं सांगायला वर्तमानकाळ लागतो. होऊन गेलेल्या गोष्टी इंग्रजीत सांगायच्या कुणाला? आणि आमच्या संसारात होऊन गेलेल्या सांगण्यासारख्या गोष्टी बहुतेक माझ्याच आहेत.

जितेंद्रराव, मी गांधीबागेत कापड विकत म्हातारा झालो. गिऱ्हाईकासमोर भाव ठरवायचा तर आम्ही व्यापारी आपल्या खुणेच्या बोलीत बोलतो आणि गिऱ्हाईक बिचारं हसत बसतं. त्यामुळे घरात माझ्यासमोर कुणी मला न कळणारं बोलू लागलं, की गिऱ्हाईक कोण ते मला लगेच कळतं.

रविवारी पकडलंच. टोरंटोहून आमच्या दिपालीच्या गुंजनचा व्हिडिओ कॉल आला. (एकुलती नात, सात वर्षांची. मराठी म्हणाल तर 'आजी', 'आजोबा' एवढंच.) मी पेपरामागे दडून ऐकत होतो. तुमची ताई अडखळत काहीतरी रंगवून सांगत होती. त्यातलं 'आजोबा', 'वेडिंग', 'साडी' आणि 'क्राइड' एवढंच मला कळलं. गुंजन खो खो हसली, मग 'आजोबा' अशी हाक मारून तिने मला हळूच काहीतरी विचारलं. मी पेपर खाली करून मान डोलावली. कशाला हो म्हणालो, देव जाणे. हिला विचारलं तर म्हणते, "तिनं तुमाले विचारलं ना? मंग तुमी शिका. मी काहून सांगू?"

गोष्ट कुठली ते मी ओळखलं. दिपालीच्या पाठवणीला मी आहेराच्या साड्यांच्या ढिगामागे बसून रडलो, ती. (सगळ्यांना मी सर्दी सांगितली होती.) आता नातीला माझ्याबद्दल जे कळेल ते हिच्याच तोंडून. मी तिच्याशी एक वाक्य बोलू शकत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

तरी ताईला समजवा, या वयात हा नाद सोड म्हणावं.

आपला,
देवराव

ता.क. नाद सोडायला सांगू नका. मलाही भूतकाळ शिकवा. धडे दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

ता.क. दुसरा : गुंजनला सांगायचं वाक्य सगळ्यांत आधी पाठवा. पाठवणीला आजी रडली नाही, सगळ्यांना वाढत राहिली. पाहुणे गेल्यावर दिपालीच्या पलंगावर बसून माझ्या दुप्पट रडली, आणि तिच्याइतकं धीराचं माणूस मी पाहिलं नाही. हे मी हिच्यासमोरच म्हणणार आहे. तिला आता इंग्रजी कळतं, आणि मराठीत मला ते अजून जमलेलं नाही.