पालकाची सही

८ जून

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

भिंगरी तुमच्याकडे येऊन दोन महिने झाले आणि तुमची एकही तक्रार आली नाही, म्हणून मी काळजीत आहे. सतरा वर्षांत या मुलीबद्दल कुणाची तक्रार आली नाही असा आठवडा मला आठवत नाही. तेव्हा खरं काय ते कळवा. ती गॅस चालू ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहते का? एक चप्पल दाराशी आणि दुसरी बाथरूममध्ये, हे अजून चालू आहे का? इथं घर इतकं आवरलेलं असतं, की मला करमत नाही.

तुम्ही तिला बेकरीत हाताशी घेतलंत, त्याचे आभार कसे मानू? बेकरी कारागिराच्या परीक्षेत ती इथं दोनदा बसली. दोन्ही वेळा प्रात्यक्षिकात उत्तम आणि लेखी पेपरात नापास. संधी तीनच मिळतात. सप्टेंबरात तुमच्या गावच्या केंद्रातून ती शेवटची बसणार. हीही गेली तर तिला कुणी भट्टीवर उभं करणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कामात ती टिकेल असं मला वाटत नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुमचे बंधुराज मजेत आहेत. एका मोठ्या सभागृहाची फरशी बसवण्याचं काम मिळालं आहे. तुमचं पत्र आलं की जेवताना मी ते मोठ्यानं वाचायचं, हा नेम चालू आहे, कारण त्यांचा चष्मा नेमका तेव्हाच सापडत नाही.

तुमची माया आहेच, ती या पोरीवर थोडी जास्त सांडावी, ही विनंती.

तुमची,
वहिनी


१५ जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुला तक्रारच हवी असेल तर घे. पहिल्या आठवड्यात तुझ्या लेकीनं चाळीस ब्रेडच्या पिठात मीठच घातलं नाही. दुसऱ्या दिवशी ती चूक भरून काढायला दोनदा घातलं. पहिल्या दिवशीचे ब्रेड गिऱ्हाइकांनी परत आणले, दुसऱ्या दिवशीचे परत आणायलाही कुणी आलं नाही. मी तिला खूप बोलले. मग रात्रभर मलाच वाईट वाटत राहिलं, कारण ती ऐकून घेत होती ते सवयीनं.

आता आम्ही वेगळी रीत घातली आहे. एका घाण्याला लागणारं सगळं आधी वाट्यांत काढून टेबलाच्या डाव्या बाजूला मांडायचं. मीठ, साखर, यीस्ट, लोणी, सगळं. जे घातलं त्याची वाटी उजवीकडे. डावीकडे वाटी आहे तोवर तिला हाक मारायची नाही, मग दारात कुणीही येवो. गंमत म्हणजे या रीतीनं माझ्याही चुका कमी झाल्या, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

हात मात्र चांगला आहे तिचा. पीठ किती मळायचं ते तिला घड्याळ न बघता कळतं. माझी कारागीर बाई तीस वर्षं हे काम करते आहे, तीसुद्धा आता तिला विचारते.

पुढचं बंधुराजांना वाचून दाखवू नकोस. परीक्षेसाठी प्रात्यक्षिकाची वही द्यावी लागते. ती तिच्यानं होईना, म्हणून मी लिहून काढली, तिच्यासारखं अक्षर काढून. मला हे जमतं. कसं जमतं ते विचारू नकोस.

माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाहीस, तरी आशीर्वाद देते.

तुझी,
ताई


१० जुलै

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आधी एकटीनं वाच. मी घोळ घालून ठेवला आहे.

गेल्या महिनाअखेरीस केंद्रात शिकवणाऱ्या बाईंनी भिंगरीची वही पाहिली. वही इतकी नेटकी, की त्यांनी कौतुकानं तिला वर्गापुढं उभं केलं आणि एक पान वाचायला सांगितलं. तिला दोन ओळींच्या पुढं जाता आलं नाही. वर्ग हसला. ती तशीच निघून पायी बेकरीत आली आणि पीठ चाळायला उभी राहिली. मला वाटलं, आता माझ्यावर उखडेल. तिनं एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी आत्यानं तिच्यासाठी लिहू नये, तिला वाचून दाखवावं. ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नाही. मी साठीची बाई, वहिनी, पण त्या पोरीसमोर मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले आणि वही मी लिहिली हे कबूल केलं. मला वाटलं होतं, पोरीचं नावच काढून टाकतील. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मुलीची कधी तपासणी केली आहे का असं विचारलं. त्यांचा स्वतःचा मुलगा असाच आहे. वही तिनं पुन्हा करायची, ती सांगेल आणि कुणी उघडपणे उतरवून घेईल, असं ठरलं. तपासणीची वेळही त्यांनीच मिळवून दिली. त्या बाईंचं ऋण कसं फेडायचं ते मला कळत नाही.

अहवाल आला आहे. वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, आणि जोडीला एडीएचडी, लक्ष एका जागी ठरत नाही ते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की बुद्धी चांगली आहे आणि आळस तर मुळीच नाही. अहवाल ऐकताना भिंगरी रडायला लागली. मी घाबरले. तर ती म्हणाली, की मी मुद्दाम करत नव्हते हे पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर लिहून दिलं, म्हणून रडू आलं.

सोबत अर्ज आहे. तो दिला तर पेपर वाचून दाखवायला माणूस मिळेल आणि वेळही वाढवून मिळेल. केंद्राच्या नोंदीत पालक म्हणून तिच्या बापाचं नाव आहे, त्यामुळे सही त्याचीच हवी. ३१ जुलैच्या आत अर्ज इथं पोचला पाहिजे.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर दे.

तुझी चुकलेली,
ताई


१६ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी रागावले नाही. वही लिहून दिली नसती तर ही तपासणी झालीच नसती, तेव्हा तो विषय मिटला. अहवाल मी तीनदा वाचला. तिसऱ्या यत्तेत तिला कोपऱ्यात उभं करायचे तेव्हा मीही घरी आल्यावर तिलाच ओरडायचे. ती समोर असती तर पाय धरले असते तिचे, आणि तिनं ते धरू दिले नसते, कारण तेवढ्यात तिला दुसरं काही आठवलं असतं.

पण सही होत नाही. जेवताना मी अर्ज वाचत होते. निम्म्यावर आले आणि हे भरल्या ताटावरून उठले. हात धुतले आणि म्हणाले, की माझ्या मुलीत कमी आहे असं मी कुणाला लिहून देणार नाही. माझं कुठं काही अडलं, असंही म्हणाले. मी समजावलं, भांडले, शेवटी दोन दिवस अबोला धरला. मला गप्प बसणं किती जड जातं ते तुम्ही जाणता. त्यांनी तो अबोला आरामात सोसला.

मला त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते. कीव का येते ते मी लिहिणार नाही. तुम्हाला ते ठाऊक असावं, असा मला संशय आहे. तुम्हीच त्यांना काहीतरी लिहा.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
वहिनी


२० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वहिनी, हे त्याच्यासाठी आहे. समोर बसवून वाच आणि एक शब्दही गाळू नकोस.

धाकट्या, तुझ्या पोरीची वही मी लिहिली. अक्षर हुबेहूब जमलं, कारण हा उद्योग मी आधीही केला आहे. तू सात वर्षांचा आणि मी अकराची असल्यापासून तुझ्या सगळ्या वह्या मी लिहिल्या. वडिलांनी तुला छडीनं फोडलं होतं आणि ते मला बघवलं नव्हतं. मास्तरांना वाटायचं, मुलगा घरी लिहितो आणि वर्गात चालढकल करतो. म्हणून ते तुला आणखी मारायचे. मी तुला वाचवत होते असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी तुला लपवत होते. वह्या कोऱ्या राहिल्या असत्या तर कदाचित कुणीतरी थांबून विचारलं असतं, की या मुलाला नेमकं काय होतंय. तू शाळा सोडलीस त्याला मीही जबाबदार आहे. चाळीस वर्षं हे बोलायचं धाडस झालं नाही. मला माफ कर.

तुला कमी समजणारी माणसं मी पाहिली आहेत. मी तुला कधीच कमी समजले नाही. तू बसवलेल्या फरशीवर मी चालले आहे, ओळंब्याचीसुद्धा चूक काढशील अशी तुझी नजर आहे. पण तुला जे एकट्यानं सोसावं लागलं ते तुझ्या लेकीला सोसायला लावू नकोस. ती लपायला तयार नाही. तिनं मला तसं तोंडावर सांगितलं. आपल्या दोघांपेक्षा ती शहाणी निघाली.

सही करायची की नाही ते तू ठरव. नाही केलीस तरी तू माझा धाकटाच राहशील.

तुझी,
ताई


२६ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

एक शब्दही गाळला नाही.

हे ऐकत होते ते जमिनीकडे बघत. संपल्यावर त्यांनी मला विचारलं, की मला हे कधीपासून माहीत आहे. मी खरं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्यांनी चष्मा हरवला म्हणून मला पत्र वाचायला दिलं, तेव्हा तो त्यांच्या खिशात होता. यावर ते एकदम हसू लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. वीस वर्षं आपण एकमेकांना फसवत होतो, असं म्हणाले. मी म्हटलं, मी फसवत नव्हते, मी जपत होते. पण तुमचं पत्र वाचल्यावर मला त्या दोन्हींतला फरक तितकासा सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते लवकर. अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, मला अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितला. मागच्या वेळी ते ज्या ओळीवर उठले होते ती आली. घरात आणखी कुणाला अशी अडचण आहे का, असा रकाना होता. तो मी कोराच सोडणार होते. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. एकच शब्द. 'वडील'. त्याला वेळ लागला. मग खाली सही केली.

ताई, मी आजवर त्यांच्याबरोबर सुखानंच राहिले, पण त्या संध्याकाळी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. अर्ज सोबत रजिस्टरनं पाठवते आहे. पोचल्याचं कळवा.

लोभ तर आहेच; यापुढं आपण तिघांनी एकमेकांपासून काही लपवू नये, एवढंच मागणं.

तुमची,
वहिनी


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

भिंगरी पास झाल्याचं तुझं पत्र मिळालं. हिनं वाचून दाखवलं. मग मी ते एकट्यानं वाचलं. दोन दिवस लागले.

हे पत्र मी लिहितो आहे. आज चौथा दिवस. रोज कामावरून आल्यावर थोडं. हिला तपासायला दिलेलं नाही. चुका असतील त्या असू दे.

भिंगरी म्हणते, पेपर वाचायला आलेल्या बाई फार सावकाश वाचायच्या. पोरीलाच घाई. तरी बाई रागावल्या नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांग. केंद्रातल्या बाईंनाही सांग.

तू माफी मागितलीस. ते मला पटलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

तू माझ्या वह्या लिहायचीस तेव्हा मी कुठं असायचो ते तू विसरलीस. मी तुझ्या शेजारी बसलेला असायचो. तू लिहिताना मोठ्यानं वाचायचीस. मी ऐकायचो. नद्या, पर्वत, त्रिकोण, लांबी आणि रुंदी, सगळं मला तेव्हा समजलं. त्यातल्या मापांवर मी आज पोट भरतो. शाळेत मास्तरांनी मला वेगळं बसवलं होतं. माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. संध्याकाळी तू बसायचीस. तुझी खेळायची वेळ असायची. बाकीच्या मुली तुला हाका मारायच्या आणि तू जायची नाहीस.

तू मला लपवलंस असं तुला वाटतं. मला तेव्हा एवढंच कळायचं, की माझ्या बाजूला कुणीतरी आहे.

हे आधी सांगायला हवं होतं. लिहिता येत नव्हतं.

तुझा लोभ असावा, असं मी मागत नाही. तो आहे.

तुझा,
धाकटा