डावीकडची सीट

प्रिय मालती,

आज आपली गाडी आगाशीहून विरारला जाऊन परत आली आणि वाटेत कुठेही टकटकली नाही. ही बातमी तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला सांगवेना, म्हणून लिहायला बसलो.

गेला महिनाभर ती पुढून कुठूनतरी वाजत होती. नितीननं ती त्याच्या ओळखीच्या गॅरेजला दाखवली आणि जेवताना मला म्हणाला, "बाबा, गिअरबॉक्स गेलाय. एवढ्या जुन्या गाडीवर आता खर्च नको. रविवारी भंगारवाला येतोय, मी बोलून ठेवलंय." पोरगं काळजीनंच बोलत होतं. पण भंगारात? आपण दोघांनी सेकंडहँड घेऊन नव्यासारखी मिरवलेली गाडी ती.

तुला ठाऊकच आहे, मी हे काम शिकायला कुठे गेलो नाही. खोलत गेलो, चुकत गेलो, हात काळे करत गेलो. पण दुखणं कुठे आहे ते आधी तू सांगायचीस, डावीकडे बसून. "अहो, कुनी खोबरं किसतंय बघा," म्हणालीस की ब्रेकचे पॅड झिजलेले. "मांजराचं पिल्लू रडतंय," म्हणालीस की इंजिनचा पट्टा ढिला. चालवायला शिक म्हटलं तर तुझं उत्तर ठरलेलं, "मी चालवायला बसले तर ऐकनार कोन?"

आता सांग, कोण ऐकणार होतं?

उजवीकडे बसून मी कान देऊन दमलो. आपल्या गल्ल्यांत सारखी वळणं आणि खड्डे, आवाज कुठे सुरू होतो नि कुठे थांबतो कळेना. शेवटी शनिवारी नितीन आणि कल्याणी नायगावहून आले, तेव्हा कल्याणीला म्हटलं, "सूनबाई, ही चावी घे."

"मला देताय? बाबा, तुम्ही नितीनला पण देत नाही."

"तो बडबडतो. तू गप चालव."

आणि मी तुझ्या जागेवर बसलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सीट तू पुढे ओढून ठेवलेली. गुडघे समोर टेकले. मागे सरकवायला हात गेला, तसाच परत आला.

मैदानात कल्याणीला सांगितलं, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळव आणि हळूहळू गोल फिर. दुसऱ्या फेरीला माझ्या पायाशी, डाव्या चाकाकडून, कट, कट, कट. अगं, अडकित्त्यात सुपारी कातरावी तसं! तूही हेच म्हणाली असतीस. सरळ घ्यायला लावली, तर आवाज बंद. चाकाचं बेअरिंग असतं तर वेगाबरोबर घुमत गेलं असतं. गिअरबॉक्स असता तर सरळ रस्त्यातही गप बसला नसता. फक्त वळताना बोलतो तो एक्सलचा चाकाजवळचा सांधा.

घरी येऊन जॅक लावला, चाक उतरवलं. सांध्यावरचा रबरी बूट, त्याचं आवरणच, फाटलेला, आतलं ग्रीस उडून रिमला चिकटलेलं. नितीनला हाक मारली. "गिअरबॉक्स ना रे?"

त्यानं आत बोट घातलं आणि काळं झालेलं बोट बघत राहिला. "तुम्ही कसं ओळखलंत?"

"तुझ्या आईच्या जागेवर बसून."

तो उठला. ओट्यावर जाऊन फोन लावला. "रविवारी येऊ नका," एवढंच ऐकू आलं.

मग विरारच्या फुलपाड्यातून नवा सांधा आणला, बूट आणला, भरपूर ग्रीस भरलं, सगळं माझ्या हातानं बसवलं.

एक तक्रार मात्र आहे. गाडीचा एकेक आवाज मला सांगितलास, आणि तुझ्या छातीतली घरघर तेवढी पदरात दाबून ठेवलीस. का गं? मी खोलून बघू शकलो नसतो, पण ऐकलं तरी असतं.

असो. आता वचन देतो. येत्या रविवारी कल्याणी येईल, ती चालवेल आणि ऐकायला मी बसेन. तुझ्याएवढा कान नाही माझा, पण तयार होतोय. सीट मागे सरकवणार नाही. गुडघ्यांना सवय होईल.

तुझा ड्रायव्हर,
वसंत