सतरा तारखेपर्यंत नाकातली कडी

३ जून
मुख्य ग्रंथपालांचे फर्मान: सेप्टम रिंग, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातली कडी, घालून काउंटरवर बसता येणार नाही. फर्मानाचा रोख काउंटरवरच्या ताईंवर; अशी कडी त्याच घालतात. सतराला सुनावणी, हरल्या तर तळघरातल्या गोदामात बदली. कर्मचारी संघटनेचा सचिव म्हणून मी मीटिंगमध्ये गरजलो: त्या दिवशी मीही नाकात कडी घालून ताईंशेजारी उभा राहीन! टाळ्या. ताई म्हणाल्या, "अहो, नुसते आलात तरी पुरे." केवढा विनय!

४ जून
टोचले. डोळ्यांत पाणी आले, पण ते शारीरिक होते, वैचारिक नव्हे. टोचणाऱ्या बाईंनी बजावले: दोनदा मिठाच्या पाण्याचा शेक, उगाच हात लावायचा नाही, दोन महिने कडी काढायची नाही. "भोक ताजं आहे, तासाभरात बुजेल." मी म्हणालो, मोडेन पण वाकणार नाही. त्या म्हणाल्या, "वाका हो खुशाल, फक्त काढू नका."

६ जून, सकाळी ७
मिठाच्या पाण्याच्या कपात नाक बुडवून बसलो. ही म्हणाली, "क्रांती झाली असेल तर कप द्या, चहा ओतायचाय." लढ्याला पहिला विरोध घरातूनच.

९ जून
कडी घोड्याच्या नालेसारखी आहे. वर उलटवली की नाकपुड्यांत गडप. मुख्य ग्रंथपाल साहेब येताना दिसले, उलटवली. याला घाबरणे म्हणत नाहीत. गनिमी कावा म्हणतात.

११ जून
शेक राहिला. उद्या चारदा घेईन.

१२ जून
आठदा घेतला. नाकाचा टोमॅटो. निर्धार मात्र अभंग.

१६ जून, सकाळी ११
ओळखपत्रांचे फोटो. फोटोवाला ओरडला, "काका, नाकात काहीतरी चमकतंय!" मागे साहेब. कडी काढून खिशात टाकली. पाच मिनिटांचा तर प्रश्न.

दुपारी ४
उद्याचे भाषण लिहीत होतो. बारा पाने झाली. 'स्वाभिमान' शब्दापाशी कडी आठवली.

४.२०
आत जात नाही. कोन चुकतोय.

५.१०
बाईंना फोन. म्हणाल्या, बुजलं, जोर करू नका, तीन महिन्यांनी या. माझेच नाक व्यवस्थेला फितूर!

५.३०
हरकत नाही. पुस्तकांच्या पाठीवर लेबले ज्या गोंदाने चिकटवतो, तो वीस वर्षे सुटत नाही. बाटली घरी आणली.

१७ जून
कडी चिकटवून गेलो. साहेबांनी विचारले, "ताई, तुमचं म्हणणं?" ताई म्हणाल्या, "या कडीमुळे एक तरी पुस्तक उशिरा दिलंय का मी? तक्रारवही बघा." साहेबांनी वही चाळली. एकही तक्रार नाही. आदेश मागे. चार मिनिटे!
मग साहेब माझ्याकडे वळले. मी बारा पाने उघडली, छाती भरून श्वास घेतला. गोंदाचा वास थेट मेंदूत. प्रचंड शिंक. कडी साहेबांच्या टेबलावर.
ताईंनी ती रुमालाने उचलून मला दिली. कुणी हसले नाही, हे जास्त लागले.
इतिवृत्त लिहिणे सचिवाचे काम. लिहिले: 'सचिव थोडक्यात, पण जोरकसपणे बोलले.'
ताईंनी वाचले. सही करण्याआधी 'बोलले' खोडून वर बारीक अक्षरात लिहिले: 'शिंकले'.