आधी काय धरून चालायचं

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही. कारण सांगण्यासारखं नाही, चुकलंच.

आज बी.एस्सी.च्या वर्गात शून्य परिकल्पना शिकवली. वेगळं काही घडलेलं नाही, असं आधी धरायचं. घडलं असा आपला संशय, ती पर्यायी परिकल्पना. पुरेसा पुरावा मिळाला तरच पहिली नाकारायची.

हसनाबादची अश्विनी उभी राहिली. "सर, मंग मी चाचणीत कॉपी केली न्हाई, हे आधी धरायला पाहिजे होतं ना? तुम्ही तर मलाच सिद्ध कर म्हणले."

मागून कोणीतरी म्हणालं, "पुरावा आणा, सर." वर्ग हसला. मीही हसलो. का?

मागच्या चाचणीत तिनं आणि शेजारच्या मुलीनं, परिकल्पना नाकारायची सीमा ठरवणाऱ्या १.९६ च्या जागी १.६९ लिहिलं होतं; बाकीच्यांनी पुस्तकातला बरोबर आकडा लिहिला होता. दोघींची चूक एकच, म्हणून अश्विनीचे गुण कापले. दुसरीला काहीच बोललो नाही. ती आमच्या सहकाऱ्याची मुलगी.

तासानंतर अश्विनीनं वही दाखवली. तिथंही १.६९. "तुमच्या फळ्यावरूनच उतरवलं सर, तवाच सांगत होते."

सांगत होती खरी. मी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन माझं टिपण काढलं. १.६९, माझ्याच अक्षरात. वीस वर्षं १.९६ शिकवतोय. चूक माझी असेल हे मला सुचलंच नाही, की मी सुचू दिलं नाही?

उद्या: पहिल्या तासाला फळ्यावर १.६९ लिहून, सगळ्यांसमोर अश्विनीची माफी मागणे.