न्हाणीची खिडकी आणि तुझा बोळा

आई, तुझी नात बाळंतपणाला आली आहे आणि मी भिंतीला टांगायची चूल घेतली आहे. हसू नकोस. तिला गॅसचा गिझर म्हणतात. नळ सोडला की आपोआप पेटतो आणि पाणी तापवतच बाहेर सोडतो. लायटीचा घेतला असता, पण परभणीत ऐन आंघोळीच्या वेळेला लाईट राहील असं देवसुद्धा छातीवर हात ठेवून सांगणार नाही, आणि तुझ्या तांब्याच्या बंबाचं बूड कधीचं गळतंय. तुझ्या जावयांनी हा गिझर बाजारातून आणला, खोकं ओट्यावर ठेवलं आणि उसाची ट्रॉली ओढून आणल्यासारखे पाय पसरून बसले.

तू असतीस तर पहिला सवाल काय केला असतास, ते मला ठाऊक आहे. "खिडकीचं काय केलंस?" माझ्या बाळंतपणाचं आठवतं. गंगाखेडच्या अलीकडचं आपलं घर, न्हाणीला एकच वीतभर खिडकी, आणि तू तिच्यात जुन्या लुगड्याचा बोळा ठासायलीस. मी पाटावर बसले आहे, अंगाला तेल चोपडलेलं, वाफेनं समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. मी म्हणते, "आई, जीव गुदमरायलाय." तू म्हणतेस, "गुदमरू दे. वारं शिरलं तर जन्मभर कंबर धरून बसशील." आणि वरून असलं कढत पाणी ओततेस की जणू मी तुझी लेक नव्हे, सणासाठी धुवायला काढलेली गोधडी. पण माझी कंबर आजवर दुखली नाही. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात तुझ्या बोळ्याला देते, मारुतीला नाही. तिकडं गाठ पडली तर हे त्याला सांगू नकोस.

तर गिझर बसवणारा माणूस आला. चाळिशीचा, लय बोलका. न्हाणीत शिरला, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि मग खिडकीकडं बघून म्हणाला, "काकू, कंपनीच्या कागदावर बाहेरच लावा असं लिहिलंय. पण समदे आतच लावून मागतेत, पाइप कमी लागतो. आत लावला तर ही खिडकी कायम उघडी पाहिजे."

"बाळंतीण न्हाताना पण?"

"तेव्हा तर पाहिजेच. ही आग कोंडलेल्या खोलीतली हवा खाऊन टाकती आणि विषारी वायू सोडती. त्याला ना वास, ना रंग. माणसाला झोप आल्यावाणी होतं आणि ते पुन्हा उठत न्हाई."

आई, पाइप कमी लागतो हे ऐकून मला बरं वाटलं होतं, ते मी तिथंच गिळलं. तरी मी म्हणाले, "ठेवीन उघडी." तर जावई तुझे दारातून हसायला लागले. "कोण, ही? एस.टी.त बसली तर पुढच्या माणसाची खिडकीसुद्धा ही उठून लावती." पोरगी पोटावर हात ठेवून हसत होती. मी रागावले, पण त्यांचं खोटं नव्हतं. बोळा मी घालणारच होते. डोक्यानं कितीही नाही म्हटलं तरी पहिल्या न्हाणीला माझा हात आपोआप खिडकीकडं गेला असता, कारण तो हात तू वळण लावलेला आहे. आणि आत माझी लेक बसलेली असणार.

आणि तेवढ्यात मला तुझा तो धपाटा आठवला. मी नववीत होते. थंडी होती म्हणून मी पेटलेला बंब अंगणातून ओढत न्हाणीच्या दारापर्यंत आणला होता. शेकत शेकत आंघोळ करावी, एवढीच हौस. तू मागून येऊन पाठीत असा दणका दिलास की शेजारच्या काकू धावत आल्या. "इस्तू अंगणात अन् लेकरू घरात. दोघायला एका खोलीत कोंडायचं न्हाई!" मला इतकी वर्षं वाटायचं, चुना मारलेली भिंत काळी होईल म्हणून तू चिडली होतीस. तुला वायूचं ठाऊक होतं का, की तुझ्या आईनं तुला असाच धपाटा घातला होता? काही असो. तू खिडकी बंद करायचीस खरी, पण बंब बाहेर ठेवून.

मी त्या माणसाला म्हणाले, "पुसा ती खूण. बाहेर लावा, अंगणातल्या भिंतीवर."

"पाइप लय लागंल, काकू."

"लागू द्या."

तुझे जावई माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मला ताप आला असावा. रात्री वहीत तो पाइप घरदुरुस्तीत नाही, बाळंतविड्यात लिहिला. झबली, टोपडी, दुपटी, पाइप.

अंगणात नवाच घोटाळा झाला. सिलेंडर जिथं यायचा तिथं तुळस. तो म्हणाला, "इथं दिवा लावता का?" मी म्हणाले, "रोज." तर म्हणाला, "मग दोघांतलं एक हलवा." मी हळदीकुंकू वाहिलं, तुळशीची परवानगी घेतली आणि वृंदावन दूरच्या कोपऱ्यात नेलं. तुझे जावई म्हणाले, "तुळशीला विचारलंस, मला कुणी विचारलं नाही." मी म्हणाले, "तुम्हाला हलवायचं असतं तर विचारलं असतं." मग गिझरवर पत्र्याची टोपी आली, वाऱ्यानं आग विझू नये म्हणून, पण वरून-खालून मोकळी. मी झेंडूचा हार आणला तर तो माणूस ओरडला, "काकू, तिथं न्हाई! ती धूर जायची जागा हाय." हार मग खोक्याला घातला. शेवटी त्यानं साबणाचा फेस मागितला. मी वडीचा उरलेला तुकडा कालवून दिला. त्यानं तो गॅसच्या जोडावर लावला. बुडबुडा आला तर गळती समजायची. आला नाही. आता दर गुरुवारी उपास सोडायच्या आधी मी तसा फेस लावून बघते. आणि एक ऐक, हा गिझर नळाचं पाणी सुरू झाल्याशिवाय पेटतच नाही. आधी पाणी, मग इस्तू. तुझ्याकडंच शिकल्यावाणी वागतो.

तुला पणती झाली. दोघी सुखरूप आहेत. पहिल्या न्हाणीला मी पाट मांडला, तुझ्याच जुन्या लुगड्याचा बोळा खिडकीत ठासला आणि पदर खोचून तयार झाले, तर ही पोरगी म्हणते, "आई, तू बाहेर थांब. मी न्हाते माझी मी." आणि आतून कडी! तू तर माझ्यासोबत आतच असायचीस, तुला काय ठाऊक कडीबाहेर कसं वाटतं ते. गिझर बाहेर आहे, माझ्या डोळ्यांसमोर जळतोय, भीतीचं काही कारण नाही, सगळं कळतं. तरी मी हाक मारली, "हाय का गं?" उत्तर नाही. जोरात मारली. मग लांबून, उशीत तोंड घालून बोलावं तसं, "हाय."

हे पत्र पोस्टात टाकण्यासारखा तुझा पत्ता नाही. ते बोळ्याच्या घडीत ठेवून बोळा कपाटात ठेवते आहे. त्यावरून तुला कळलंच असेल. रागावू नकोस, आई. खिडकी वीतभर उघडी आहे, लेकीचा आवाज मला नीट ऐकू यावा म्हणून.