मामांनी पाहिलेलं स्थळ

फुलसावंगी
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. इंदूस,
श्रावणदादाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. बिडी सोडून मला काल तेवीस दिवस झाले. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलंय की बिडीचा हात रिकामा ठेवू नका, लिहीत राहा. बाई आणखीही बरंच चांगलं बोलल्या असाव्यात. मला नीट ऐकू आलं नाही, कारण त्यांच्या मागे भिंतीवर जळत्या सिगारेटचं हे एवढं मोठं चित्र होतं. त्यावर लाल फुली मारली होती, पण फुलीच्या मागचं सगळं दिसत होतं.

तर आपल्या दीपासाठी काल महागावचं स्थळ पाहून आलो. फुलसावंगी ते महागाव रस्त्याला इतके पानठेले आहेत, हे मला तीस वर्षांच्या कंडक्टरकीत कळलं नव्हतं. मुलाचं घर सोपं सापडतं. अगदी समोर हिरव्या पत्र्याचा ठेला आहे, त्याला सुतळीने लायटर बांधलाय. मुलाचे वडील रामधनजी भला माणूस. फिल्टरवाली ओढतात. पाकीट शर्टाच्या डाव्या खिशात असतं, बसले की टेबलावर काढून ठेवतात. आत सात शिल्लक होत्या. खिडकीत राखेची बशी आहे, निळ्या फुलांची, कडेला टवका गेलेली. चहा झाला, पोहेही झाले असावेत. एकूण घर मला बरं वाटलं.

तुझ्या गुडघ्याचं कळव. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रावणदादा

यवतमाळ
दि. १५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दीपाला विचारलं की यात मुलगा कुठे आहे. तीही शोधून दमली.

मागच्या दाराने चढलेला विनातिकीट माणूस तुम्ही पुढून ओळखायचे, म्हणून तर तुम्हाला पाठवलं. तुम्हाला बशीचा टवका दिसला. मुलगा संघदीप उंच की बुटका, आईशी कसा बोलतो, सौरपंप बसवायच्या कामात महिन्यातून किती दिवस बाहेर असतो, यातलं काही दिसलं नाही. मी काय पोरीचं लग्न त्या बशीशी लावू?

चेष्टा राहू द्या. मला भीती वाटते, दादा. दीपाचे बाबा दम लागून गेले. शेवटचं वर्षभर तिने त्यांना पाठीला उशा लावून बसवलं. फुंकणाऱ्या माणसाशी लग्न करणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलंय. बायोडेटात मुलगा निर्व्यसनी लिहिलाय, पण तसं सगळेच लिहितात. तो ओढतो की नाही, माणूस कसा आहे, एवढं तरी आठवून लिहा. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

मी रागावले आहे, तरी लोभ होता तेवढाच आहे.

तुमची,
इंदू

फुलसावंगी
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. इंदूस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. मुलाचा चेहरा आठवावा म्हणून डोळे मिटून बसलो, तर पाकीटच डोळ्यांसमोर आलं.

जे आठवतं ते काही चांगलं नाही. मुलगा चुळबुळ्या आहे, एका जागी बसत नाही. वडिलांनी पाकीट टेबलावर ठेवलं, तर याने न विचारता उचलून आत नेलं. मी खिडकीकडे पाहिलं, तर उठून बशी काढली, आणि मग तिथेच खुर्ची ओढून बसला, सगळी खिडकी अडवून. निघताना मला मोटारसायकलवर घेतलं आणि सरळ रस्ता सोडून शाळेमागच्या गल्लीने स्टँडवर नेलं. त्या वाटेला एक ठेला नाही. बाबू, इकडून कायले, असं मी विचारलं, तर इकडून बरं पडते, एवढंच म्हणाला. सरळ उत्तर देत नाही. ओढतो की नाही, ते सांगता येत नाही. हल्ली मला सगळ्यांच्याच अंगाला वास येतो.

माझ्या मते नकार कळवावा. म्हाताऱ्या भावावरचा राग आता सोड.

तुझा,
श्रावणदादा

यवतमाळ
दि. २५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
दीपाचा सविनय जयभीम. वि. वि.

नकार कळवायला आईने फोन हातात घेतला होता, तो मी काढून घेतला. मामा, तुमचंच पत्र पुन्हा वाचा. तो चुळबुळत नव्हता. तुम्ही जिकडे पाहत होता, तिथली एकेक वस्तू तो हलवत होता. एवढ्या भरल्या बैठकीत तुमची नजर त्या एकट्याने ओळखली. बाबांची नजर कुठे जाते, ते मला आणि आईला इतक्या वर्षांत कळलं नाही.

म्हणून मीच त्याला फोन केला. मामाजी त्या दिवशी नीट पोचले ना, हे त्याने आधी विचारलं. तुमची नजर त्याला कशी कळली, असं मी विचारलं. तो म्हणाला की मीबी तिकडेच पाहून राह्यलतो. सोडून वर्ष झालंय. तो ओढायचा हे घरात कोणाला ठाऊक नाही, आणि वडिलांचं पाकीट रोज समोर असतं. बायोडेटातला निर्व्यसनी हा शब्द त्याच्या काकांनी घातलाय, तो खोडून द्यायला तो तयार आहे.

मी दोन दिवस विचार केला. बाबा दर महिन्याला सुटली म्हणायचे आणि आम्ही खूश व्हायचो. हा म्हणतो की सुटली असं लिहून देत नाही, रोज सकाळी नव्याने सोडतो. मला भीती वाटते, पण याचं मला खरं वाटतं. आईला सगळं सांगितलं. ती रडली, आणि मग हो म्हणाली.

होकार घेऊन तुम्हीच महागावला जा. रामधनजी बसले आणि खिशाकडे हात गेला की या खेपेला तुम्ही उठा, आणि संघदीपसमोर आडवे बसा.

तुमची माया आजवर एकटीने घेतली, आता दोघांना पुरवा.

आपली भाची,
दीपा