देवाला बोललेला धाकलू

डोळखांब, १० जुलै १९९७

ती. सौ. मीनाताईस,
प्रेमाचा शि. सा. न. वि. वि.

आमी सगळी खुशाल. तुला सातवा लागलाय, हंडे उचलू नको, सासूबाईंना सांग माझ्या बहिणीने सांगितलंय.

तांबडीने होळीला काढलेली पिल्लं आता कोंबडे झाली, एक मात्र अजून कबुतराएवढंच. भावंडं टोचून टोचून त्याचं डोकं सोलतात. म्हणून मी त्याला चुलीपाशी टोपलीत ठेवते, वारुळातली वाळवी आणून चारते. धाकलू म्हणते त्याला. दुसऱ्या कुणाला धरू देत नाय, माझी हाक आली की मात्र धावतो, लबाड!

आई म्हणते, नुसत्या कण्या संपवतो, अंगाला काय लागत नाय, गटारीला कापू. मी रडले तर भगीरथदादा हसला. आई तुझं ऐकते. काहीतरी सुचव गो.

तुझी,
प्रेमा

वाशिंद, १७ जुलै १९९७

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून एवढी हसले की पोटातला पण दचकला असेल. अगं येडे, रडतेस कसली? आईला सांग, ताईचं बाळंतपण नीट होऊ दे म्हणून धाकलू वाघोबाला नवसाला बोललाय. पायात लाल दोरा बांध. देवाला बोललेल्याला आई गटारीला हात लावेल का? वाघबारशीला, वाघोबाच्या सणाला, मी येतेच. तेव्हा आईला समजावते, देवाला दुसरा कोंबडा देऊ. हे तुझ्यामाझ्यातच ठेव. मी आहे ना!

तुझी ताई

डोळखांब, १ नोव्हेंबर १९९७

मीनाताईस,

तू बाळाला घेऊन आलीस तेव्हा मी अंगणभर नाचले होते. वाघबारशीला सकाळी तू म्हणालीस, प्रेमा, दुकानातून नारळ आण. मी पळत गेले. वाटेत तुझ्यासाठी खारी पण घेतली.

परत आले तर घरात कुणी नाय. वाघोबाच्या दगडापाशी भगीरथदादा हात धूत होता. बाजूला लाल दोरा पडला होता.

आईने सगळं सांगितलं. ती तर म्हणत होती, दुसरा मोठा देऊ, हा पोरीचा लाडका. तू म्हणालीस, बोललेलाच द्यायचा. तो दादाला सापडेना. तेव्हा तू माझ्यासारखी हाक मारलीस आणि तो आला.

ताई, युक्ती तुझी होती. शब्द पण तूच दिला होतास.

प्रेमा

वाशिंद, ८ नोव्हेंबर १९९७

चि. प्रेमास आशीर्वाद.

रागावू नको गं. आम्ही यायच्या आधी बाळाला ताप भरला होता, औषधाने उतरेना. सासूबाईंनी विचारलं, काही बोललेलं राहिलंय का? आपण गंमत केली, पण नाव तर वाघोबाचं घेतलं होतं. दुसऱ्या कोंबड्यावर भागवायची छाती झाली नाही. आता बाळ छान आहे, दूध पितो.

तुला आधी सांगितलं असतं तर तू त्याला घेऊन रानात पळाली असतीस. म्हणून दुकानात पाठवलं. एका कोंबड्यापायी बहिणीशी अबोला धरू नये. तुझ्यासाठी ड्रेस शिवलाय, दादाबरोबर पाठवते.

तुझी ताई

डोळखांब, २० नोव्हेंबर १९९७

मीनाताईस,

ड्रेस दादाबरोबरच परत पाठवते. आई ओरडली, ओरडू दे.

बाळाला ताप आहे एवढं तू मला सांगितलं असतंस, तर मी धाकलूला काखेत घेऊन स्वतः दगडापाशी गेले असते. वाटभर रडले असते, पण गेले असते. माझ्या भाच्याहून कोंबडा मोठा नव्हता गो. मी पळाले असते असं तुला वाटलं. एका घरात वाढलो आपण, आणि तू मला एवढीच ओळखलीस.

बाळाला माझे पापे. त्याच्यावर माझा लोभ आहे, तो राहील. तुझ्याकडे मात्र लोभ मागत नाय.

प्रेमा